दिसणारा सांधा

बाबा पेशाने रफूगार. "रफू कुठे केलंय ते शोधून दाखवा," हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा कोट परत दिला नाही.

मी म्युझियममध्ये फुटक्या जुन्या वस्तू सांधते. माझा पहिला रांजण दालनात मांडला, तेव्हा बाबांना आग्रहाने घेऊन गेले. त्यांनी काचेला नाक लावलं आणि त्यांचा चेहराच पडला. लाल मातीत मी भरलेले तुकडे फिकट होते, साफ वेगळे दिसत होते. लोक यायला लागले, तसे बाबा काचेपुढे आडवे उभे राहिले आणि हलेचनात.

"बाबा, सरका ना. लोकांना बघू द्या."

"हळू बोल," ते कुजबुजले. "सगळा सांधा दिसतोय गं. घाई झाली का तुला?"

मला हसू आवरेना. "मुद्दाम ठेवलाय. लांबून रांजण अख्खा वाटला पाहिजे, पण जवळून जुनं कुठलं आणि माझं कुठलं ते कळलंच पाहिजे. आमच्याकडे लपवाछपवी चालत नाही."

"म्हणजे तुझं काम दिसणार? सगळ्यांना?"

"कायमचं."

बाबा बाजूला झाले.

मी शेजारच्या दालनात डोकावून परत आले, तर ते एका अनोळखी आजोबांना दंडाला धरून काचेपाशी आणत होते.

"लांबून काय बघताय? असे जवळ या. तो फिकट भाग दिसला? दिसला ना? माझ्या लेकीचा आहे तो!"