वाऱ्याची दिशा

"एकतीस झाल्या," प्रियंकाने सह्यांचा कागद पुढे केला. "फक्त बत्तीस नंबरची राहिलीय, काका."

माणिकरावांनी नाकावरचा रुमाल न काढता कागद घेतला. ते कॉलनीचे अध्यक्ष. चार दिवसांपासून कॉलनीत सगळेच रुमालाआडून बोलत होते. गोडसर, कुजका वास होता तो. वाळत घातलेल्या कपड्यांत मुरायचा, दुधाला लागायचा. माणिकरावांच्या बायकोला, राजेश्रीकाकूंना, दोनदा उलटी झाली होती.

वास कुठून येतो याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कॉलनीच्या पूर्वेला मोकळ्या प्लॉटवर ऊसतोडीवाल्यांच्या नऊ कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या.

प्रियंका पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली, बारा नंबरच्या बंगल्यात राहणारी. वासाचा अहवाल लिहायचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. ऐकीव गोष्ट लिहायची तिला सवय नव्हती. आपल्या गच्चीवरून तिने दिवसातून तीनदा वाऱ्याची नोंद घेतली. पूर्वेचा वारा असला की वास तीव्र. पश्चिमेचा असला की वास नाही. बारा नोंदी, अपवाद एकही नाही.

माणसंही मोजली. कॉलनीत बत्तीस बंगले, एकाहत्तर माणसं, सरासरी वय एकसष्ट. बहुतेक विद्यापीठातून निवृत्त झालेली, मुलं पुण्यात किंवा परदेशात. कोप्यांत त्रेचाळीस माणसं, सरासरी वय एकोणीस, संडास शून्य. त्या शून्याखाली तिने रेघ मारली.

मोजायला गेली तेव्हा धुरपदाबाई चुलीपुढे बसली होती. मागे कोपीत तिची सून, कुशीत सहा दिवसांची मुलगी.

"आमी काय कायमचं न्हाई राहायलो, बाई," धुरपदाबाई म्हणाली. "पोरीचं बारसं होऊ द्या. सहा दिवस. कालव्यापल्याड जा म्हणायलेत, तिथं पाण्याचा थेंब न्हाई. वल्ल्या बाळंतिणीला कुठं नेऊ?"

"मावशी, वास सहन होत नाही लोकांना."

"आमालाबी यायलाय की. वारं फिरलं की तुमच्याकडूनच यायलाय."

टोमणा प्रियंकाला झोंबला. तिने वही मिटली.

"तुमच्यात एकच माणूस भला," धुरपदाबाईने शेवटच्या बंगल्याकडे बोट केलं. "तो आप्पा. रोज सकाळी आमच्यासाठी पाणी सोडतोय. तोंड दावत न्हाई, पर पाणी सोडतोय."

तो बंगला बत्तीस नंबरचा. त्याची मागची भिंत कोप्यांना लागून होती. तिथे किशनराव एकटे राहत, मुलगी कॅनडात. तीन तारखेच्या बैठकीत कोप्यांना कुणी पाणी द्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा तेवढे एकटे उभे राहिले. "बाळंतपणाला आलेली बाई आहे तिथे. लाज वाटू द्या," म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून ते कॉलनीशी अबोला धरून होते. कॉलनीनेही धरला.

सामाईक बोअरचं पाणी सकाळी सातला सुटायचं. टाकी भरली की ज्याने त्याने कॉक बंद करायचा. चार तारखेपासून किशनरावांची टाकी रोज तासभर वाहत होती. पाणी भिंतीवरून प्लॉटवर पडायचं आणि कोप्यांतल्या बाया घागरी लावायच्या.

"जन्मभर जलसंधारण शिकवलं आणि आता आपल्याला खिजवायलाय म्हातारा," माणिकराव म्हणाले होते.

प्लॉटच्या मालकाची, गोपीचंदशेठची, अट होती. बत्तीसही घरांच्या सह्या आणा, मग उठवतो. मागून कुणी मला बोलायला नको.

"ते सही करणार नाहीत, काका," प्रियंका म्हणाली.

"कसं करत नाहीत बघतो. तू थांब इथंच."

माणिकराव कागद घेऊन गेले. दहा मिनिटांनी परत आले. चेहरा पांढरा पडला होता.

"गेटजवळ तर उभं राहवत नाही. त्या घाणीला एवढं चिकटून हा माणूस जेवतो कसा, देव जाणे."

"केली सही?"

"केली. दार जरासं उघडलं. बनियनवर होते. कुरकुरले, पण केली." त्यांनी खिशाला पेन लावलं. "सगळे एका बाजूला म्हटल्यावर काय करतील?"

बत्तिसावी सही ठसठशीत होती. तारीख बारा.

तेराला दुपारी ट्रॅक्टर आला. गोपीचंदशेठची माणसं पाचट उपसून ट्रॉलीत टाकत होती. राजेश्रीकाकू गच्चीवरून बघत होत्या. सून ट्रॉलीत चढताना दोनदा खाली बसली. धुरपदाबाईने बाळ छातीशी धरलं आणि प्रियंकाला हाक मारली.

"आप्पाला सांगा बाई. त्येंच्या पाण्यानं पोरीला आंगोळ घातली म्हणावं."

"सांगते," प्रियंका म्हणाली. सांगायला ती गेली नाही.

चौदाला सकाळी तिने सवयीने गच्चीवर जाऊन नोंद केली. पूर्वेचा वारा. वास तीव्र.

तिने ओळ पुन्हा वाचली. मग वही घेऊन रिकाम्या प्लॉटवर गेली. इतक्या दिवसांत नोंद घ्यायला ती या बाजूला एकदाही आली नव्हती. थंड पडलेल्या चुलींमध्ये ती उभी राहिली. थोड्या वेळाने वारा फिरला, पश्चिमेचा झाला, आणि वास आला. कॉलनीकडून. समोर किशनरावांच्या भिंतीवरून पाणी पडत होतं. घागर लावायला कुणी नव्हतं.

अकरा वाजता पोलिसांनी बत्तीस नंबरचं दार तोडलं. कॉलनी गेटबाहेर जमली. डॉक्टर आत गेले. कॉन्स्टेबलने वही काढली.

"यांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"परवाच तर हे भेटले त्यांना," राजेश्रीकाकू माणिकरावांकडे वळून म्हणाल्या. "सही घेतली ना तुम्ही? बनियनवर होते म्हणालात."

प्रियंकाने फाईल उघडून कागद पुढे केला. माणिकराव खिशातलं पेन चाचपत होते.

"परवा?" डॉक्टर दारातून बाहेर येत म्हणाले. "यांना जाऊन दहा दिवस झालेत."