उरलेली पुंगळी

शेवटचं नाव घेऊन झालं आणि एक पुंगळी रिकामीच उरली.

हार्लनने नरसाळं खाली ठेवलं. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांच्या पोटात बंदुकीची दारू, आणि कोपऱ्यातली ही एक मात्र कोरडी ठणठणीत. ही तिसरी खेप. दोनदा त्याने सगळी दारू डब्यात परत ओतली होती, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली होती.

घरी काडतुसं भरणाऱ्याचा खरा वैरी म्हणजे कंटाळा. मापायचं, ओतायचं, पुढची घ्यायची. हात सरावतात, मन गावभर हिंडायला जातं आणि ते परत येईतो एकाच पुंगळीत दोनदा दारू पडलेली असते. म्हणून मोंटानातल्या या गॅरेजात हार्लनने फार पूर्वीच एक युक्ती काढली होती. शाळेतल्या आपल्या वर्गाची हजेरी घ्यायची. एका पुंगळीला एक नाव, तेही मोठ्याने. जितकी पोरं, तितक्याच पुंगळ्या मांडायच्या. "डिट्रिखला दोनदा जेवण मिळणार नाही," तो म्हणायचा. "आधीच लठ्ठ होता लेकाचा." इतक्या वर्षांत नावं आणि पुंगळ्या कायम बरोबरीने संपल्या होत्या.

आज मात्र काही केल्या मेळ बसेना. एक तर एखादं नाव सुटलं होतं, नाहीतर एकाच पुंगळीत दोन मापं गेली होती. पहिलं असेल तर काही बिघडत नाही. दुसरं असेल तर रायफल फुटणार, आणि तिच्या दस्त्याला गाल लावून उभी असणार डॅरला, त्याची एकुलती एक लेक. उद्या एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. रायफल तिच्या आजोबांची, जुनी. तिच्या पुंगळ्या रांजणासारख्या. दोन मापं सुखाने मावतात. हार्लनने टॉर्च मारून एकेकीत डोकावून पाहिलं. सगळ्या सारख्याच वाटल्या. मग वाटलं, तिसरीतली जरा वर आलीय. पुन्हा पाहिलं तर तीही बाकीच्यांसारखीच. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांवर लेकीचा जीव सोपवायचा तरी कसा?

त्याने पुंगळ्या मोजल्या. नेहमीइतक्याच होत्या. मग बोटांवर नावं घेतली. अ‍ॅबट, बर्क, डिट्रिख... नावं धडाधड येत होती, कुठे अडखळायला झालं नाही. सुटलेलं कुणीच सापडेना. म्हणजे दोनदा ओतलं? तिन्ही खेपांना? आपलं डोकं ठिकाणावर नाही, हे माणसाला त्याच डोक्याने कसं कळावं?

दार उघडलं. दारावर टोपी टांगलेली असली की आत यायचं नाही, बोलायचं नाही, हा घरचा कायदा होता. त्याच्या बायकोने तो आज पहिल्यांदाच मोडला. शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेली ती तशीच उठून आली होती, अंबाड्यात पेन्सिल खोचून.

"लाडके, डॅरलाला फोन कर," तो मान वर न करता म्हणाला. "म्हणावं, दुकानातली काडतुसं घे."

"ती नाही घ्यायची. बाबांनी भरलेलीच लागतात तिला."

"बाबा संपला. बाबाला आता एक आणि दोन यांतला फरक कळत नाही."

"पुरे झालं नाटक. ओत ती सगळी परत." तिने कोपऱ्यातली बादली उपडी घातली आणि वर ठाण मांडलं. "आता घे हजेरी. आज वर्ग मी."

"हा काय पोरखेळ!"

"जन्मभर भिंतीआडून ऐकतेय मी. मलाही पाठ झालीय. घे म्हणते ना!"

हार्लनने सगळं डब्यात ओतलं आणि पहिली पुंगळी जवळ घेतली.

"अ‍ॅबट?"

"हजर, बाई!" ती चिरक्या आवाजात ओरडली. हार्लनला हसू फुटलं. बर्कच्या वेळी मात्र तिचा आवाज खाली आला. बर्क युद्धावरून परतलाच नव्हता. डिट्रिखसाठी तिने गाल फुगवले. नाव, हजर, माप. नाव, हजर, माप. हार्लनचे हात स्थिरावले.

"सोरेन्सन?"

"हजर."

"विकर्स?"

उत्तर आलं नाही.

"विकर्स! अगं, झोपलीस की काय?"

"सोरेन्सन आणि विकर्सच्या मधे कोण होतं?"

"कोण असणार? सोरेन्सननंतर विकर्सच."

"खिडकीपाशी, हार्लन. नीट बघ."

माप तसंच हातात धरून त्याने डोळे मिटले. खिडकी दिसली. बाक दिसला.

"होती एक," तो सावकाश म्हणाला. "तांबड्या केसांची. पेन्सिल केसांत खोचायची आणि मग वर्गभर शोधत फिरायची. माझं गणित कच्चं राहिलं ते तिच्यापायी. फळ्याकडे लक्षच नसायचं माझं." तो हसला. मग हसू मावळलं. "नाव... थांब, अगदी ओठांवर आहे. काय बरं नाव तिचं?"

बायकोने अंबाड्यातली पेन्सिल उपसली. पांढरे केस खांद्यावर उतरले. समोरच्या रिकाम्या पुंगळीवर तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"हजर," ती म्हणाली.