ज्ञात नग

भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेलं तांब्याचं नाणं हौसाबाईंनी रेळेकरांच्या टेबलावर ठेवलं. "नातू म्हणतोय, मोबाइलवर असल्या नाण्याला लाख रुपये सांगत्यात. खरं हाय का?"

साताऱ्यात जुनी नाणी पारखणारे म्हणजे रेळेकरच, आणि त्यांचं उत्तर तीस वर्षं ठरलेलं होतं. "शिवराई आहे, मावशी. ढिगानं सापडते," असं म्हणत त्यांनी सवयीनं भिंग लावलं. अक्षरांखाली इवलासा त्रिशूळ होता. तसा त्रिशूळ फक्त त्यांच्या स्वतःच्या एका शिवराईवर होता. दर प्रदर्शनात तिच्यापुढे ते ऐटीत चिठ्ठी लावत : 'ज्ञात नग : एक'.

हौसाबाईंनी मान डोलावली आणि दोरा गुंडाळायला घेतला. आता रेळेकर नुसते गप्प राहिले तरी त्यांचा नग एकमेवच राहणार होता.

"थांबा मावशी. चुकलो मी," रेळेकर म्हणाले. "माझ्या माहितीत अशी दोनच आहेत. दुसरी माझी, बँकेच्या लॉकरमध्ये. ही विकलीत तर नातू म्हणतो त्याहून जास्तच मिळतील."

"विकायची कशाला? चार लेकरं, सात नातवंडं हिच्यावर वाढली. कुणाला दृष्ट लागली न्हाई. परवा नातवाच्या लेकीचं बारसं हाय." त्यांनी नाणं कनवटीला खोचलं. "तुमची कुणाच्या गळ्यात असती?"



पुढच्या प्रदर्शनात चिठ्ठी नवी होती : 'ज्ञात नग : दोन. पैकी एक वापरात.'