वडिलांचं पान

पंचवटीतल्या बाळाजीगुरुजींनी यजमानांच्या वंशावळ्यांच्या जुन्या वह्या वेबसाइटवर चढवल्या आणि तिची सुरक्षा तपासायला यशश्रीला सांगितलं. चाचणीच्या लॉगिनमधून तिने वेबपत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, तर भलत्याच घराण्याचं पान उघडलं. काम तिथेच संपलं होतं, पण मोह आवरला नाही. तिने वडिलांचं पान काढलं. ‘प्रथम पत्नी उत्तरा. श्राद्ध दरवर्षी अविधवा नवमीला.’ हे नाव घरात कधीच निघालं नव्हतं. यशश्रीने गुरुजींना फोन लावला. “साइट बंद करा. कुणीही कुणाचंही पान वाचू शकतंय.” “कुणी वाचलं?” “मीच. आमच्या घरचं.” गुरुजी म्हणाले, “मग यजमानांना कळवायला हवं.” “मी सांगते.” घरी वडील पेपर वाचत होते. “बाबा, गुरुजींकडचं तुमचं पान मी न विचारता वाचलं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “बावीस वर्षांची होती,” ते म्हणाले.