महिपत आला काय?

पोपट आधी खोकला. मग मान वाकडी करून त्याने विचारलं, "महिपत आला काय?"

महिपतच्या हातातलं गाठोडं हातातच राहिलं. शिमग्याची रजा काढून तो नुकताच बंदरावरून घाटी चढून घरी पोचला होता. आवाज पुरुषाचा होता, जाडा आणि धापा टाकणारा. जनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नवऱ्याकडे बघायच्या आधी तिने पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

ते फडकं महिपतला खुपलं.

पोपट त्यानेच आणून दिला होता. नारळी पुनवेनंतर बोटीवर खलाशाचं काम सुरू झालं, की घरात जनी एकटी. तिला कुत्रा हवा होता. महिपत म्हणाला, कुत्रा भाकरीच्या वासावर कुणाच्याही दारात जाऊन बसतो. मांजर तर सात घरचं. बकरी शेजाऱ्यांच्या वालाच्या वाफ्यात शिरून भांडणं आणील. त्यापेक्षा पोपट बरा. पिंजऱ्यात राहतो आणि शिकवू तेवढंच बोलतो. "राम राम शिकव त्याला," असं सांगून तो गेला होता.

शिकवू तेवढंच बोलतो, हेच आता त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. जनी त्याचं नाव घेत नसे. बायकोने नाव घेतलं, की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत. लग्नातला उखाणासुद्धा तिने असा पुटपुटला होता, की शेजारी बसलेल्या नवऱ्याला नाव ऐकू गेलं नव्हतं. आई वारून दोन वर्षं झालेली. मग या घरात 'महिपत' म्हणणारं होतं कोण? आणि घरधनी आलाय का, असं दारात येऊन कोण विचारतं? ज्याला तो आलेला नको असतो, तोच.

"ह्याला कोनी शिकवलान?" जेवताना त्याने विचारलं.

"आपोआप शिकला," जनी म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"आपोआप तर कावळापन बोलत नाय."

जनीने त्याच्या पानात आणखी भात वाढला आणि ती आत गेली.

सकाळी पडवी झाडायच्या निमित्ताने तो कोपरे बघत फिरला. पिंजऱ्याखाली विड्यांची थोटकं सापडली. महिपत विडी ओढत नसे. जनी मात्र शांतपणे पोपटाचं करत होती. पिंजरा धुतला, भिजवलेली डाळ घातली, उन्हात पाणी शिंपडून त्याला आंघोळ घातली. शेवटी पिकल्या पेरूची फोड दिली. महिपतला काल कुळथाची पिठी मिळाली होती, तेही त्याच्या लक्षात राहिलं. एका पाखराचा हेवा वाटतो याची त्याला लाज वाटली, पण हेवा वाटायचा तो वाटलाच.

दुपारी तो म्हणाला, "बाजारात जाऊन येतो. सांज होईल."

तो गेला आणि मागच्या अंगाने येऊन न्हाणीच्या कुडाआड उभा राहिला. तिथली कोयती त्याने कधी हातात घेतली, ते त्यालाही कळलं नाही. आत चोर सापडला तर काय करायचं ते ठरलं नव्हतं. पण सापडला नाही तर आपण वेडे होऊ, एवढं त्याला कळत होतं.

थोड्या वेळाने अंगणात कुणीतरी खोकलं. तोच खोकला. पाठोपाठ पडवीवर काठी टेकल्याचा आवाज आला आणि जाडा, धापा टाकणारा आवाज म्हणाला, "महिपत आला काय?"

महिपत कोयती घेऊन पडवीत शिरला.

पिंजऱ्यासमोर वाडीतला म्हातारा रावजी तांडेल विझलेली विडी बोटांत धरून बसला होता. दम्याने छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. त्याने पोपटाकडे बोट करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जनी दाराच्या चौकटीशी मिरची घेऊन उभी होती. पोपट बरोबर बोलला, की मिरची.

"जने, हे काय चाललंय?"

जनी कोयतीकडे बघत राहिली. मग तिला सगळं कळलं आणि तिचे डोळे भरले.

"रावजीकाका माज्या सांगन्यावरून येतात," ती म्हणाली. "अभद्र वाटंल, म्हनून तुमाला बोलले नाय. कार्तिकात बोट बुडाली, ती तुमचीच, असं लोक बोलले. मी एकटीच बंदरावर धावले. कारकुनान इचारलान, नवऱ्याचं नाव काय? माज्या तोंडातून निघंना. तो म्हनला, बाई, नाव नाय तर मी कोनाचं बघू? आन तो मागच्या बाईकडे वळला. तुमचा निरोप येईपर्यंत मला ठावं नव्हतं, कुंकू लावायचं का पुसायचं."

महिपतने कोयती कुडाला टेकवली. त्या बोटीवर तो नव्हता. शेवटच्या घडीला त्याची दुसऱ्या बोटीवर बदली झाली होती. घरी निरोप धाडला म्हणजे झालं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

रावजी म्हणाला, "मी गेलो असतो रे तिच्यासंगती. पन मला आता घाटी उतरवत नाय."

"मग ह्या पाखराचं काय?" महिपतने विचारलं.

जनीने पोपटाला मिरची दिली आणि पदराने डोळे पुसले.

"पुन्ना तशी येळ आली, तर पिंजरा कडेवर घेऊन बंदरावर जाईन. मी गप उभी ऱ्हाईन. हा इचारील."