उलटा दस्ता

रायफल सोमवारी पोलिसांत जमा करायची होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी जगदीश गॅरेजमध्ये बसून तिचा दस्ता घासत होता.

सुलक्षणा चहा घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो, सोमवारी ती द्यायचीच आहे ना? मग हे लाड कुणासाठी? तुम्ही माझ्या स्वेटरचं माप घेतलंत, त्याला दोन वर्षं झाली. तो स्वेटर काही दिसला नाही. हिला मात्र रोज पॉलिश!"

"थोडंच राहिलंय," जगदीश म्हणाला. चहाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

जगदीश बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट होता. दिवसभर माणसांची हाडं बघायची आणि संध्याकाळी या रायफलीची. रायफल जुनी, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की पुढची आपोआप वर येणारी. तिची नळी बदलून झाली, स्प्रिंगा बदलून झाल्या. मग त्यानं खांद्याला टेकवायचा नवा दस्ता अक्रोडाच्या लाकडातून स्वतःच्या हातानं कोरायला घेतला. तेवढ्यात हंगरफोर्ड नावाच्या गावात एका माणसानं रस्त्यात लोकांना गोळ्या घातल्या आणि कायदा बदलला. असल्या रायफली आता घरात ठेवता येणार नव्हत्या. सुलक्षणाला मनापासून बरं वाटलं होतं. घरातली बंदूक तिला कधीच आवडली नव्हती.

ती स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला लागली. मागचं दार वाजलं तशी सुरी डाव्या हातातून उजव्या हातात गेली. ही सवय इतकी जुनी होती, की तिचं तिलाही कळत नसे.

शनिवारी जगदीश ऑन-कॉल होता. सुलक्षणा गॅरेज झाडायला गेली, निदान स्वतःला तरी तिनं तसं सांगितलं. रायफल कपाटात कुलपात होती. नवा दस्ता मात्र सुटा, टेबलावर वाळत पडला होता. आता कुणी नव्हतं. तिनं तो उचलला.

दस्ता आखूड होता. जगदीश चांगला सहा फुटी. त्यानं हा खांद्याला लावला असता तर गुडघे नाकाशी घेऊन बसल्यासारखं झालं असतं. कोपऱ्यात जुना दस्ता होता, तो तिनं शेजारी ठेवून पाहिला. जुना लांब. जुन्याला गाल टेकायची खळगी डाव्या अंगाला, नव्याला उजव्या. म्हणजे उलटा! पण एक्स-रेवरचं डावं-उजवं दोनदा तपासल्याशिवाय जो माणूस सही करत नाही, तो असली चूक करेल?

नाहीच करणार. मग हा दस्ता दुसऱ्याच कुणाचा तरी होता. बुटक्या माणसाचा. डावखुऱ्या. सुलक्षणानं पुन्हा एकदा लाकडावरून हात फिरवला. माणूस कसला, ही बाई होती! इतकं गुळगुळीत कुणी पुरुषासाठी करत नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या तुमच्या नेमबाजीच्या क्लबमध्ये मीपण येते."

जगदीशचा घास हातातच राहिला. "खरंच? उद्या घरच्यांना आणलं तरी चालणार आहे. मी विचारणारच होतो तुला."

बरा तयार झाला, तिनं मनात म्हटलं. चोराच्या मनात चांदणं असतं, असं ती ऐकून होती. इथं तर चोर चक्क आमंत्रण देत होता.

क्लबमध्ये सगळे पोट सुटलेले साहेब. बाई एकच, चहाच्या टेबलामागची पॉलीन. बुटकी, गोरी, हसरी. सुलक्षणाची नजर तिच्या हातांवरून हलेना. पॉलीननं किटली उचलली ती उजव्या हातानं. साखर घातली, तीही उजव्याच. सुलक्षणाचा जीव अर्धा भांड्यात पडला. पण मग कोण?

एवढ्यात जगदीशनं हाक मारली. खाली चटई अंथरलेली होती आणि तिच्यावर ती रायफल, नवा दस्ता बसवलेली.

"ये. आज शेवटचा दिवस."

"मी? मला काय येतंय!"

"गो ऑन, बॅब," पॉलीन मागून म्हणाली. बर्मिंगहॅममध्ये 'बॅब' म्हणजे 'बाळा'.

सुलक्षणा पदर खोचून, वर कोट सावरत चटईवर पालथी पडली. तिनं रायफल उजव्या खांद्याला लावली. लाकूड गालाला टोचलं. हाताला काहीच धड बसेना.

"अहो, हे उलटं झालंय तुमचं."

जगदीश तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. "उलटं नाही गं. डाव्या खांद्याला लाव."

तिनं रायफल चटईवर ठेवली.

"अकरा वर्षं बघतोय मी," तो हळूच म्हणाला. "दार वाजलं की तुझी सुरी हात बदलते."

सुलक्षणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डाव्या हातानं काही केलं की आई लाटणं उगारायची. "तुझ्या हातचा नैवेद्य देव तरी घेईल का गं?" म्हणायची. सासरी हे कळू द्यायचं नाही, अशी शपथ घालून तिला पाठवलं होतं. ती शपथ तिनं इमानानं पाळली होती.

तिनं रायफल डावीकडे घेतली. गाल खळगीत जाऊन बसला. बोट आपोआप चापावर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिच्या डाव्या कोपरापासून बोटापर्यंत टेप धरला होता, तो स्वेटरसाठी नव्हता. ती चाप ओढत गेली तशी रिकामी काडतुसं उजव्या अंगाला उडत होती, ऐन तिच्या तोंडासमोरून. पण त्यानं मध्ये छोटा पत्रा बसवला होता. एकही तिच्या गालाला लागलं नाही. निशाणाचा कागद मात्र कोराच राहिला आणि ती खूप हसली.

सोमवारी रायफल पोलिसांत गेली. संध्याकाळी सुलक्षणा कांदा चिरत होती. मागचं दार वाजलं. सुरी होती त्याच हातात राहिली.