खिडकीतलं हिरवं पाणी

नोकरी गेल्यापासून फिटरने एकच ध्यास घेतला होता. उन्हावर जगणाऱ्या हिरव्या जिवाणूंची घडण अशी बदलायची, की त्यांनी आपण होऊन पाण्यात ग्लुकोज सोडावं. खिडकीत बाटल्या मांडून दोन वर्षं झाली. मधुमेही आईच्या लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या तो रोज त्यांत बुडवायचा. साखर असली की ती तपकिरी व्हायची; पण पट्टी आपली निळीची निळीच.

परवा त्याने जेवण सोडलं. "उद्या शेवटचं बघतो," काल तो बायकोला म्हणाला. "नाही जमलं तर मी असून नसून सारखाच."

आज तो आंघोळीला गेला तशी आईने साखर उतरली की घ्यायचा आपला ग्लुकोज पावडरचा डबा सुनेच्या हातात दिला.

"अहो आई, ही फसवणूक झाली."

"होऊ दे. घाल चमचा चमचा. जीव राहिला तर शहाणपण शिकवू त्याला."

"तिसऱ्या बाटलीत तर काही उगवलंच नाहीये."

"मग त्या बिचारीत दोन घाल!"

तो ओल्या केसांनीच आला. पहिली पट्टी तपकिरी झाली. दुसरीही. तिसरी तर पार काळपट. पण तिसऱ्या बाटलीत जिवाणू नव्हतेच. तुलनेसाठी त्याने ठेवलेलं ते नुसतं नळाचं पाणी होतं.

त्याने पट्टीकडे बघितलं, मग तिसऱ्या बाटलीकडे. मागे दारात दोघी उभ्या होत्या.



"जमलं गं आई," तो वळून म्हणाला. "भूक लागलीय. वाढ काहीतरी."